कुत्र्यांना घेऊन लांबचा गाडीप्रवास: तयारी महिनाभर आधीपासून

आमच्याकडे दोन कुत्री आहेत. थोरली नऊ वर्षांची, गाडीचं दार उघडलं की आपणहून चढून कोपरा धरणारी. धाकटा दोन वर्षांचा. पहिल्या लांबच्या प्रवासात त्याने तासाभरात तीनदा उलटी केली. पुढे पोटात काही उरलं नाही तरी ओकाऱ्या चालूच. आणि दुपारच्या थांब्यावर मी मागचं दार उघडलं, तसा माझ्या हाताखालून निसटून तो थेट उभ्या गाड्यांच्या मधून धावत सुटला. दहा मिनिटांनी सापडला. धडधाकट होता, पण त्या दहा मिनिटांत माझं वय वाढलं. त्याची चूक काहीच नव्हती. सामान बांधायला मी दोन दिवस घालवले होते आणि त्याला गाडीची सवय लावायला एक दुपारसुद्धा दिली नव्हती.

त्यानंतर आमचे बरेच प्रवास झाले. आता कुणी नवखं विचारतं, "बरोबर काय काय घेऊ?" तेव्हा मी आधी उलट विचारतो, "निघायला किती दिवस आहेत?" महिना असेल तर झकास. दोनच दिवस असतील आणि कुत्रा आजवर गाडीत बसलाच नसेल, तर या खेपेला त्याला ओळखीच्या माणसाकडे ठेवा. आपल्याला ठाऊक असतं की संध्याकाळी पोचणार आहोत. त्याला यातलं काही माहीत नसतं. त्याच्या दृष्टीने ही एक हलणारी, गुरगुरणारी पेटी आहे आणि ती कधी थांबणार ते कुणी सांगत नाही. ती पेटी निघायच्या आधी घरातल्या एखाद्या खोलीसारखी ओळखीची झाली, की निम्मं काम झालं.

पहिली पायरी: न्यायचं की नाही

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारा. नुकतीच शस्त्रक्रिया झालेला कुत्रा, दिवस भरत आलेली कुत्री, लसीकरण पुरं न झालेलं पिल्लू, यांना घरीच राहू द्या. पिल्लाच्या बाबतीत धोका गाडीतला नसून थांब्यावरचा आहे. जिथे शंभर कुत्री शू-शी करून गेली आहेत त्या गवतात पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू महिनोन्महिने तग धरतो.

बसक्या नाकाच्या जाती, म्हणजे पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू, यांचा विचार वेगळा करावा लागतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो, आणि या मंडळींची श्वासाची वाटच अरुंद. उन्हाळ्यात त्यांना न्यायचंच असेल तर पहाटे निघा आणि ऊन चढायच्या आत मुक्काम गाठा.

म्हाताऱ्या कुत्र्यांना प्रवास चालतो, पण त्यांना जास्त थांबे लागतात आणि चढा-उतरायला उतरती फळी लागते. आमची थोरली अजून उडी मारते, पण उतरताना मी तिला मारू देत नाही. सांध्यांवरचा भार चढण्यापेक्षा उतरताना जास्त येतो.

दुसरी पायरी: डॉक्टरांकडे एक फेरी

ही फेरी निघायच्या आदल्या दिवशी नको, तीन-चार आठवडे आधी हवी. लसी चालू आहेत का, रेबीजची तारीख उलटून गेली नाही ना, गोचीड-पिसवांचं औषध कधी दिलं होतं, हे सगळं एकदा तपासून घ्या. तुम्ही जाताय त्या भागात गोचिडांचा किंवा डासांमुळे होणाऱ्या हृदयातल्या जंतांचा त्रास आहे का, हेही विचारा.

सरहद्द ओलांडायची असेल तर महिनासुद्धा कमी पडू शकतो. उदाहरणार्थ, युरोपीय संघात शिरताना कुत्र्याच्या कातडीखाली ओळख क्रमांकाची मायक्रोचिप आधी बसवलेली असावी लागते आणि रेबीजची पहिली लस त्यानंतर. लस टोचल्यावर किमान २१ दिवस जावे लागतात. क्रम उलटा झाला तर लस धरली जात नाही. प्रत्येक देशाचे नियम निराळे, आणि ते बदलतात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राच्या शब्दावर विसंबू नका.

चिप असेल तर तिच्या १५ आकडी क्रमांकापुढे नोंदवलेला फोन नंबर अजून तुमचाच आहे का, हे याच आठवड्यात बघा. नंबर बदलल्यावर बँकेला कळवतात, चिपच्या नोंदणीत कळवायचं राहून जातं. कुत्रा सापडतो, चिप वाचली जाते आणि फोन लागतो तो भलत्याच माणसाला.

आता गाडी लागण्याबद्दल. पिल्लांचं हे जास्त असतं, कारण तोल सांभाळणारी कानातली यंत्रणा अजून पक्की झालेली नसते. वर्षभराची झाली की पुष्कळांचं आपोआप कमी होतं. मोठ्या कुत्र्याला गाडी लागत असेल तर बऱ्याचदा मळमळ आणि भीती यांची गाठ बसलेली असते: एकदा उलटी झाली, म्हणून गाडी वाईट, म्हणून गाडी दिसली की लाळ, म्हणून पुन्हा उलटी. उलटीच्या आधीची लक्षणं ओळखायला शिका. वारंवार जांभया, ओठ चाटणं, तोंडातून लाळेची तार लोंबणं, केविलवाणं कण्हणं. माझा धाकटा उलटीच्या साधारण दोन मिनिटं आधी एकदम गप्प होतो आणि खाली मान घालतो. आता आम्हाला तेवढा वेळ पुरतो.

औषधांत मॅरोपिटंट नावाचं औषध कुत्र्यांच्या प्रवासातल्या उलटीसाठीच आहे. ते निघण्याच्या सुमारे दोन तास आधी देतात, मात्रा वजनानुसार डॉक्टर ठरवतात. झोपेची गोळी मात्र आपल्या मनाने मागू नका. एसिप्रोमेझिनसारख्या जुन्या गुंगीच्या औषधाने अंग ढिलं पडतं, पण आतली भीती जाईलच असं नाही. शिवाय रक्तदाब उतरतो आणि शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते. घाबरट कुत्र्यासाठी भीतीवरची वेगळी औषधं असतात. कुठलंही औषध पहिल्यांदा घरी, सुट्टीच्या दिवशी देऊन बघायचं. त्याला काय होतंय हे भर रस्त्यात कळण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: गाडी ओळखीची करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीचं पैसे टाकून विकत मिळतं, हे मिळत नाही.

गाडी सावलीत उभी करा. इंजिन बंद. मागची दोन्ही दारं सताड उघडी, म्हणजे कुत्र्याला आरपार दिसेल आणि कोंडल्यासारखं वाटणार नाही. गळपट्ट्याला लांब दोरी असू द्या, पण ओढू नका. त्याचा आवडता खाऊ आधी गाडीजवळ जमिनीवर, मग दाराच्या कडेवर, मग सीटवर. पहिल्या दिवशी त्याने नुसते पुढचे दोन पाय वर ठेवून मान लांब करून खाऊ उचलला आणि मागे झाला, तरी पुरे. शाबासकी द्या, घरात जा. धाकट्याच्या वेळी मी याच ठिकाणी चुकलो होतो. दोन पाय वर आलेत म्हटल्यावर मागून ढकलून त्याला आत चढवलं. त्याचे परिणाम निस्तरायला मला दहा दिवस लागले.

तो आपणहून चढायला लागला की एका वेळचं जेवण गाडीत द्या. मग एक दार बंद करून बघा, मग दोन्ही. मग तुम्ही पुढे बसा, किल्ली फिरवा, इंजिन मिनिटभर चालू ठेवा आणि बंद करा. गाडी अजून जागची हललेली नाही. इथपर्यंत आठवडा गेला तरी घाई करू नका. त्यानंतर गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी. मग दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग तासभर. आणि या फेऱ्यांच्या शेवटी काहीतरी चांगलं घडलं पाहिजे: मैदान, झाडं, हुंगायला नवी जागा. ज्या कुत्र्याने गाडीतून आजवर फक्त दवाखानाच गाठलाय, त्याने गाडीबद्दल जे मत बनवलंय ते त्याच्या बाजूने अगदी बरोबर आहे.

कुठल्याही टप्प्यावर लाळ, थरथर, धापा दिसल्या तर एक पायरी मागे या. "सवय होईल हळूहळू" म्हणून रडत्या कुत्र्याला तासभर फिरवून आणलं तर सवय रडण्याचीच होते.

एक गंमत सांगतो. २०१७ साली स्कॉटलंडमधल्या एका प्राणीसंस्थेने आणि ग्लासगो विद्यापीठाने निवाऱ्यातल्या कुत्र्यांना पाच प्रकारचं संगीत ऐकवून पाहिलं, तेव्हा रेगे आणि सॉफ्ट रॉक ऐकताना ती सर्वांत निवांत दिसली. गाडीतल्या कुत्र्यांवर तो प्रयोग नव्हता, पण मी मनावर घेतलं आणि आमच्या गाडीत रेगे वाजायला लागलं. कुत्र्यांना फरक पडला की नाही, नक्की सांगता येणार नाही. मला पडला.

चौथी पायरी: त्याची जागा ठरवणं आणि बांधणं

"आमचा शांत आहे, मोकळाच बसतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हिशेबच सांगतो. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी कशाला तरी आदळली, तर आत मोकळ्या असलेल्या प्राण्याच्या दृष्टीने ते साधारण १० मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडण्यासारखं असतं. अर्ध्या मीटरमध्ये तो थांबला असं धरलं तर २० किलोच्या कुत्र्याचा धक्का ४०० किलोंच्या वजनासारखा बसतो. तो ज्याच्यावर जाऊन आदळेल ते माणूस पुढच्याच सीटवर असतं. आणि अपघातातून वाचलेला मोकळा कुत्रा फुटलेल्या काचेतून भेदरून पळून जातो, ते वेगळंच.

मार्ग तीन आहेत. पहिला, क्रेट, म्हणजे कुत्र्याला बसवायचा पिंजरा. आत त्याला पूर्ण उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता आलं पाहिजे. त्याहून फार मोठा नको, नाहीतर प्रत्येक वळणावर तो आत घरंगळतो. क्रेट गाडीला पट्ट्यांनी घट्ट बांधलेला हवा. नुसता ठेवलेला क्रेट आदळताना कुत्र्यासकट उडतो. दुसरा मार्ग, मागच्या सीटवर हार्नेस आणि सीटबेल्टला अडकवायचा आखूड पट्टा. हा हार्नेस छातीवरून जाणारा, रुंद पट्ट्यांचा आणि अपघाताच्या चाचणीतून गेलेला असावा. फिरायला नेण्याचा हलका हार्नेस या कामाचा नाही. पट्टा गळपट्ट्याला कधीच अडकवू नका, झटका थेट मानेला बसतो. लांबी इतकीच की त्याला बसता-झोपता येईल, पण पुढच्या दोन सीटांच्या मध्ये तोंड घालता येणार नाही. तिसरा मार्ग, मोठ्या गाडीत मागच्या भागाला जाळी लावून वेगळी जागा. जाळीने माणसं वाचतात, कुत्रा आतल्या आत आपटतोच, म्हणून जाळीबरोबर हार्नेस किंवा क्रेट असेल तर उत्तम.

पुढच्या सीटवर कुत्रा नको. एअरबॅग माणसाच्या छातीचा अंदाज घेऊन बनवलेली असते. मांडीवर तर नकोच. काचेबाहेर डोकं काढून वारा खाणारा कुत्रा फोटोत छान दिसतो, पण त्या वेगात डोळ्यात शिरलेला खडा बुबुळाला इजा करतो. काच दोन-तीन बोटं उघडी ठेवा, वास घ्यायला त्याला तेवढी पुरते. आणि मागच्या काचांची बटणं चालकाकडून लॉक करा. कुत्र्याचा पंजा नेमका त्याच बटणावर पडतो.

अजून एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एसीचा गारवा मागपर्यंत पोचतो का? पुढे तुम्हाला थंडी वाजत असते आणि मागच्या काचेतून येणाऱ्या उन्हात डिकीच्या भागात कुत्रा भाजत असतो. साधा थर्मामीटर त्याच्या क्रेटजवळ ठेवून एका दुपारी गाडी चालवून बघा. आम्ही बघितलं, तेव्हा पुढच्या आणि मागच्या आकड्यांत सात अंशांचा फरक निघाला. त्याच दिवशी बाजूच्या काचांना पडदे लावले.

दोन किंवा जास्त कुत्री असतील तर

घरी गळ्यात गळा घालून झोपणारी कुत्रीसुद्धा गाडीत कुरबुर करू शकतात. जागा अरुंद, ताण जास्त आणि पळायला वाट नाही. म्हणून प्रत्येकाची जागा वेगळी, पट्टा वेगळा, भांडं वेगळं. हाडं आणि चघळायच्या वस्तू चालत्या गाडीत देऊच नका. भांडण तर होतंच, शिवाय घशात तुकडा अडकला तर तुम्ही स्टिअरिंगवर असता.

सवय लावायच्या फेऱ्या आधी एकेकट्याने, मग जोडीने. शांत कुत्र्यामुळे घाबरट सावरतो हे खरं, पण याच्या उलटही होतं. धाकट्याच्या रडण्याने आमच्या थोरलीलासुद्धा एका प्रवासात कापरं भरलं होतं.

पाचवी पायरी: पिशवी

कुत्र्यांची पिशवी वेगळी करा आणि ती सगळ्या सामानाच्या वर, हाताशी येईल अशी ठेवा. तळाशी गेलेली उलटी पुसायची फडकी कुणाच्याच कामाची नाहीत.

पाण्याचा अंदाज: निरोगी कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे ५० ते ६० मिलिलिटर, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला लिटर-सव्वा लिटर. उन्हात त्याहून जास्त. मी घरचंच पाणी कॅनमध्ये भरून नेतो, कारण वेगळ्या चवीच्या पाण्याला नाक मुरडून उपाशी-तहानलेली राहणारी कुत्री मी पाहिली आहेत. एकीला तर घरीच पाहिली आहे. खाणं नेहमीचंच, आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा दोन दिवसांचं जास्त. प्रवासात नवं खाणं चालू करणं म्हणजे जुलाबांना आमंत्रण.

बाकी: नेहमीची औषधं, लसींची पुस्तिका आणि तिचे फोनमध्ये फोटो, कुत्र्याचा तुमच्यासोबत काढलेला अलीकडचा स्वच्छ फोटो (हरवला तर दाखवायला, आणि तो तुमचाच हे सांगायला), जास्तीची एक लीश (फिरवायची दोरी), शी उचलायच्या पिशव्या, जुने टॉवेल भरपूर, सीटवर घालायचं पाणी न झिरपणारं आवरण. आणि त्याचं घरचं अंथरूण, न धुतलेलं. धुऊन स्वच्छ केलेल्या अंथरुणाला घराचा वास येत नाही, आणि आपल्याला हवा असतो तो नेमका वासच.

प्रथमोपचारात गॉझ, चिकटपट्टीशिवाय स्वतःलाच चिकटणारं बँडेज, चिमटा, जखम धुवायला सलाईन, गुदद्वारात लावायचा थर्मामीटर. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्याला ताप वाटेल तो त्याचा रोजचा आकडा. तोंडाला बांधायचा मझल किंवा पट्टी ठेवा. कळवळणारा कुत्रा धन्यालाही चावतो. पण उलटी होत असेल किंवा धापा लागल्या असतील तर तोंड बांधायचं नाही.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या त्याला देऊ नका. आयबुप्रोफेनने पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही आपल्या मनाने नाही. तुमच्या स्वतःच्या खाऊवरही लक्ष असू द्या: चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम. यातलं शेवटचं सर्वांत फसवं, कारण ते पर्समध्ये असतं आणि पर्स सीटवर.

सहावी पायरी: निघायचा दिवस

शेवटचं जेवण निघायच्या तीन-चार तास आधी, नेहमीपेक्षा थोडं कमी. अगदी उपाशी ठेवलं तर काही कुत्र्यांना पित्ताच्या उलट्या होतात, भरल्या पोटी गाडी लागते. पाणी बंद करायचं नाही, थोडं-थोडं देत राहायचं. निघायच्या आधी चांगली लांब फेरी मारून आणा. थकलेला आणि पोट मोकळं झालेला कुत्रा पहिले दोन तास झोपून काढतो.

गळपट्ट्यावरच्या पट्टीवर सध्या चालू असलेला आणि तुमच्या खिशात असलेला फोन नंबर आहे ना, एकदा वाचून बघा. अक्षरं झिजलेली असतात.

गाडी चालवताना ब्रेक आणि वळणं हळुवार. कडेपर्यंत भरलेलं पाण्याचं भांडं मागे ठेवलंय आणि ते सांडू द्यायचं नाही, असं समजून चालवा.

सातवी पायरी: थांबे आणि दार

साधारण दर दोन तासांनी थांबा, पिल्लं आणि म्हातारी असतील तर त्याआधी. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. त्यातली पहिली पाच त्याला निवांत हुंगू द्या. "कर ना लवकर" म्हणून दोरी ओढली की तो करत नाही, हे सगळ्या पालकांना माहीत आहे तरी सगळे ओढतात.

लांबच्या प्रवासात कुत्री हरवतात ती जास्त करून याच क्षणी, दार उघडताना. म्हणून आमच्याकडे दाराची एक ठरलेली पद्धत आहे आणि ती आम्ही दर खेपेला, घाईतही, तशीच करतो. इंजिन बंद. एकाने पुढून उतरून आजूबाजूला बघायचं: मोकळी कुत्री, येणाऱ्या गाड्या. मग मागचं दार हातभरच उघडायचं आणि फटीत आपला गुडघा ठेवायचा. कुत्रा अजून सीटच्या पट्ट्याला बांधलेला आहे. आधी लीश अडकवायची, तिचा फास मनगटात घालायचा, आणि त्यानंतरच सीटचा पट्टा सोडायचा. मग "थांब". त्याने डोळ्यांत बघितलं की "चल". दोन्ही पट्टे सुटलेले असा एकही क्षण नको. एकटे असाल आणि कुत्री दोन असतील तर दोघांच्या लीश आधी लावून हातात घ्या, मग दोघांचे पट्टे सोडा. ही पद्धत घराच्या दारात महिनाभर घटवा, थांब्यावर ती आपोआप होते.

थांब्यावरच्या जमिनीकडे नीट बघा. उन्हात डांबर भाजतं. हाताची उलटी बाजू टेकवून सात सेकंद ठेवता आली नाही तर त्याचे पंजेही टिकणार नाहीत. गाड्यांखालच्या डबक्यांतलं पाणी पिऊ देऊ नका. इंजिन थंड ठेवायच्या द्रवात एथिलीन ग्लायकॉल असू शकतं. ते चवीला गोड आणि थोडंसंही जीवघेणं.

गाडीत एकटा सोडणं

सोडायचं नाही. "पाचच मिनिटं" नाही, "काच उघडी आहे" नाही, "सावली आहे" नाही, सावली सरकते. २००५ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मोजलं होतं: बाहेर २२ ते ३६ अंश असताना बंद गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. म्हणजे तुम्हाला सुखद वाटणाऱ्या दिवशीही गाडीची भट्टी होते. एकट्याने प्रवास असेल तर जेवणाची, स्वच्छतागृहाची सोय कुत्र्यासकट कुठे होते हे आधीच शोधून ठेवा. तेवढ्यासाठी वाट वाकडी करावी लागली तरी करा.

ऊन लागल्याची खूण म्हणजे थांबतच नाहीत अशा धापा, लालभडक जीभ आणि हिरड्या, चिकट लाळ. मग उलटी, लटपटणं, कोसळणं. अशा वेळी दवाखान्याकडे पळत सुटायच्या आधी त्याला थंड करायला लागा. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजचाही सल्ला तोच आहे: आधी गारवा, मग वाहतूक. सावलीत न्या, अंगावर, पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला गार पाणी ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, थोड्या वेळाने तोच गरम होऊन आतली उष्णता कोंडतो. शुद्धीत असेल तर थोडं पाणी प्यायला द्या, बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात ओतू नका. तापमान ३९.५च्या आसपास उतरलं की ओतणं थांबवा. मग गाडीत घालून, एसी चालू ठेवून दवाखाना गाठा. तो उभा राहिला, शेपूट हलवली, तरी दाखवायचंच, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा तासांनी, कधी दिवसांनी वर येते.

म्हणूनच निघण्याआधी वाटेवरच्या दोन-तीन आणि मुक्कामाजवळच्या एका प्राण्यांच्या दवाखान्याचे नंबर कागदावर लिहून ठेवा. रात्री कोण उघडं असतं, तेही फोन करून विचारा.

आठवी पायरी: मुक्कामी पोचल्यावर

जागा ठरवतानाच "कुत्री चालतात" याचा नेमका अर्थ विचारून घ्या. किती कुत्री, केवढी, खोलीत की अंगणात बांधून? दोन आहेत म्हटल्यावर दारातून परत फिरवलेली माणसं मला माहीत आहेत.

पोचल्यावर आधी कुत्र्यांना बाहेर फिरवा, मग खोलीत न्या. आत शिरताना एकाने पुढे जाऊन पलंगाखाली, न्हाणीघरात, कोपऱ्यात नजर टाकायची. उंदरांचं विष, सफाईची रसायनं, आधीच्या पाहुण्याचा पडलेला खाऊ. मग कुत्र्याला लीशवर ठेवूनच सगळी खोली हुंगू द्या. त्याचं अंथरूण दारापासून लांबच्या कोपऱ्यात, पाणी त्याच्याजवळ. पहिल्या रात्री अनोळखी खोलीत त्याला एकटा सोडून जेवायला जाऊ नका. तुम्ही परत येणार हे त्याला घरी अनुभवाने ठाऊक असतं, या खोलीचा त्याला काही अनुभव नाही.

झोपायच्या आधी गोचिडांची तपासणी: पायांच्या बोटांमधल्या सापटी, कानांच्या आत, काखा, गळपट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी. बोटं केसांत उलटी फिरवा, दाण्यासारखं काही लागेल. सापडली तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, चटका देणं यात वेळ जातो आणि गोचीड तोवर चावलेलीच राहते. ही तपासणी परत आल्यावरही चार-पाच दिवस करा. गोचिडांतून पसरणाऱ्या एर्लिकिया आणि बॅबेसियासारख्या आजारांची लक्षणं आठवड्या-दोन आठवड्यांनी दिसतात. ताप, खाणं सोडणं, फिकट हिरड्या, गडद रंगाची लघवी असं काही जाणवलं तर डॉक्टरांना कुठे जाऊन आलात ते न विसरता सांगा. एखाद-दोन दिवस शी थोडी पातळ होणं प्रवासानंतर नेहमीचं आहे. रक्त दिसलं, किंवा पाणीसुद्धा पोटात ठरेनासं झालं, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.